गहाण न पडणारे नाव

मागच्या हिवाळ्यात विरारच्या बाजारातून तांदळाची दहा किलोची पिशवी आणली. पिशवीवर ठसठशीत अक्षरांत ‘वाडा कोलम’ छापलेले, खाली भाताच्या लोंब्या आणि डोक्यावर पदर घेतलेली एक हसतमुख शेतकरीण. चांदीपच्या घरी ओट्यावर पिशवी आडवी करून दोरा उसवू लागले तेव्हा मागची बाजू वर आली. तिथे मुंगीच्या अक्षरांत गिरणीचा पत्ता होता आणि तो परराज्यातला होता.

चांदीपहून वाडा काही लांब नाही. शिरसाड फाट्यावरून आत शिरणारा रस्ता वज्रेश्वरीवरून अंबाडीला जातो आणि तिथून भिवंडी-वाडा रस्त्याला लागले की कुडूस, मग वाडा. म्हणजे ज्या तालुक्याचा तांदूळ माझ्या ताटात यायला हवा तो तालुका शेजारचा, आणि त्याचे नाव धारण केलेला तांदूळ मात्र राज्याची सीमा ओलांडून आलेला. तांदूळ वाईट नव्हता, मोकळा शिजला. पण मी पस्तीस वर्षे बँकेत काढली आहेत. कागदाच्या पुढच्या बाजूला एक आणि मागच्या बाजूला दुसरेच लिहिलेले दिसले की तो वेगळा काढून ठेवायचा, ही खोड निवृत्तीनंतरही सुटत नाही.

वाडा कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्या पालघर जिल्ह्यात हे मानांकन मिळालेली आणखीही नावे आहेत. वारली चित्रकला आहे, २०१६ मध्ये आलेला डहाणू घोलवडचा चिकू आहे, अलीकडे बहाडोलीचे जांभूळही आले आहे. देशात असे नोंदलेले सहाशेहून अधिक पदार्थ आणि वस्तू आहेत. मानांकन मिळाले की वर्तमानपत्रात बातमी येते, पुढारी सत्कार करतात आणि वाचकाची अशी समजूत होते की आता या नावाला कायद्याचे कुंपण पडले. कुंपण पडते हे खरे. पण त्या कुंपणाची राखण कोणी करायची, हा प्रश्न बातमीत नसतो.

‘बौद्धिक संपदा’ हा शब्द आम्ही प्रथम ऐकला तो डंकेल प्रस्तावाच्या निमित्ताने. १९९१ च्या डिसेंबरात तो मसुदा आला आणि पुढची दोन-तीन वर्षे गावोगाव त्याचीच चर्चा. मी तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातल्या एका शाखेत पीककर्जाच्या टेबलावर होते. शेतकरी विचारीत, ‘मॅडम, डंकेल आला म्हणजे घरचं बियाणं ठेवता येणार नाही म्हणतात, खरं का?’ मला उत्तर ठाऊक नसे. मी ‘नाही हो, तसं काही नाही’ असे म्हणून पुढची फाइल ओढीत असे. १९९५ च्या १ जानेवारीला जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि भारताला आपले कायदे बदलणे भाग पडले. ट्रेडमार्कचा आणि भौगोलिक मानांकनाचा असे दोन्ही नवे कायदे १९९९ मध्ये संमत होऊन २००३ च्या सप्टेंबरात अमलात आले. बियाण्यांच्या बाबतीत २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पेरण्याचा आणि देवघेवीचा हक्क मान्य केला. म्हणजे माझे अज्ञानातले उत्तर बऱ्याच अंशी खरे निघाले. बऱ्याच अंशी अशासाठी म्हणते की २०१९ मध्ये गुजरातेत पेप्सिको कंपनीने नोंदणीकृत वाणाचा बटाटा लावल्याबद्दल काही शेतकऱ्यांवर प्रत्येकी एक कोटीहून अधिक भरपाईचे दावे लावले होते. ओरड झाल्यावर ते मागे घेतले गेले. कायदा शेतकऱ्याच्या बाजूने असला तरी समन्स आल्यावर त्याची झोप उडायची ती उडतेच.

बँकेच्या माणसाला मालमत्ता म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. जिच्यावर बोजा चढवता येतो ती मालमत्ता. जमीन, घर, यंत्र, गोदामातला माल, सोने. नाव ही मालमत्ता आहे हे आम्हाला पटायला वेळ लागला आणि पटले तेव्हा आम्ही दुसऱ्या टोकाला जाऊन बसलो. किंगफिशर विमान कंपनीला कर्ज देताना बँकांनी तिचा ब्रँड तारण घेतला होता आणि त्याचे मूल्यांकन चार हजार कोटी रुपयांहून अधिक झाले होते. विमाने जमिनीवर आली, मालक परदेशी गेले. २०१६ च्या एप्रिलमध्ये बँकांच्या गटाने ते नाव लिलावाला काढले, राखीव किंमत ३६६ कोटी ७० लाख. एकही बोली आली नाही. ऑगस्टमध्ये किंमत उतरवून पुन्हा लिलाव केला, तेव्हाही कोणी फिरकले नाही. त्या दिवसांत आमच्या बँकेत जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नव्हता. माझे एक सहकारी डबा उघडता उघडता म्हणाले, ‘विमान उडत होतं तोवर नावाला किंमत. नुसतं नाव उडत नाही.’

तरीही नावाला किंमत नसते असे म्हणवत नाही. वाडा तालुक्यातच त्याचा पुरावा आहे. कोलमच्या भातखाचरांच्या पंचक्रोशीत, कुडूसला, कोका-कोलाचा कारखाना उभा राहिला. ही कंपनी १९७७ मध्ये भारत सोडून गेली होती, कारण परकीय चलन कायद्याखाली भांडवल सौम्य करणे आणि पेयाचे सूत्र उघड करणे तिला मान्य नव्हते. १९९३ मध्ये ती परतली आणि तिने पार्लेकडून थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट ही नावे विकत घेतली. कारखाने, बाटल्या, विक्रेत्यांचे जाळे यांनाही मोल होतेच. पण खरी खरेदी नावांची होती. मूळ सूत्राचे तर पेटंटसुद्धा नाही. पेटंट घेतले तर ते उघड करावे लागते आणि २० वर्षांनी सर्वांचे होते. गुपित राखले तर त्याला मुदत नाही. आपल्याकडे व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा असावा अशी शिफारस विधी आयोगाने २०२४ च्या मार्चमध्ये २८९ व्या अहवालात केली आहे, ती कुणासाठी अधिक उपयोगाची ठरेल हे सांगायला नको.

आता गेल्या काही वर्षांतल्या बदलांकडे येते. वरवर पाहता सगळे बदल उद्योजकाच्या सोयीचे दिसतात आणि काही खरोखरच आहेत. २०१७ च्या नियमांनी ट्रेडमार्कचे ७४ अर्ज कमी करून ८ वर आणले. व्यक्ती, नवउद्योग आणि लघुउद्योगांना ऑनलाइन अर्जाचे शुल्क एका वर्गासाठी साडेचार हजार रुपये ठेवले, मोठ्यांना नऊ हजार. अपिले ऐकणारे स्वतंत्र मंडळ २०२१ मध्ये बरखास्त झाले आणि ती प्रकरणे उच्च न्यायालयांकडे गेली. वसईच्या पूर्वेला गाळ्यागाळ्यांतून जे साचे, प्लास्टिकच्या वस्तू, सुटे भाग तयार होतात त्यांच्या मालकांनी हे अर्ज भरावेत, आणि साडेचार हजारांकडे खर्च म्हणून पाहू नये, असे मी भेटेल त्याला सांगते.

त्याला एक कारण आहे आणि ते सांगताना मला बरे वाटत नाही. वसईकडच्या एका शाखेत असताना एका बाईंना मसाल्याच्या धंद्यासाठी कर्ज दिले होते. घरच्या डंकापासून सुरुवात केलेली, दहा-बारा वर्षांत नाव झालेले. मी स्वतः पाहणीला गेले. कांडप यंत्राचा क्रमांक टिपला, मिरच्यांची पोती मोजली, भाडेपट्टा वाचला, जामीनदाराची पगारपत्रके तपासली. मसाला ज्या नावाने खपत होता ते नाव कुणाच्या नावावर आहे, हे मी विचारले नाही. आमच्या पाहणी अहवालात तसा रकानाच नव्हता. पुढे त्यांच्या वितरकाने तेच नाव स्वतःच्या नावे नोंदवून टाकले आणि बाईंनाच नोटीस पाठवली. आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क नंतर नोंदवणाऱ्यापेक्षा वरचढ असतो, हे आपल्या ट्रेडमार्क कायद्यात स्पष्ट आहे, कलम ३४. बाई भांडल्या असत्या तर जिंकण्याची शक्यता मोठी होती. पण त्यासाठी वकील, तारखा, दहा वर्षांची बिले हवीत. बिले होती कुठे? त्यांनी पाकिटांवर दुसरे नाव छापले, गिऱ्हाइकाला ते ओळखू आले नाही. हप्ते त्यांनी फेडले, शेवटचा हप्ता बांगड्या मोडून. बँकेचे काही बुडाले नाही, त्यामुळे कुणाच्या लेखी ती चूक ठरली नाही.

दुसरा बदल शिक्षेचा. जनविश्वास कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्यातल्या ट्रेडमार्क-पेटंटसंबंधीच्या तरतुदी २०२४ च्या १ ऑगस्टपासून लागू झाल्या. पूर्वी न नोंदलेले नाव नोंदलेले आहे असे खोटे भासवले तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. आता तुरुंग गेला आणि त्याजागी दंड आला: उलाढालीच्या अर्धा टक्का किंवा पाच कोटी रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम. लहान दुकानदाराला कैदेच्या धाकातून सोडवले हे चांगलेच झाले. पण जुन्या सवयीने मी गणित मांडून पाहिले. वर्षाला पन्नास लाखांची उलाढाल करणाऱ्या माणसाला पंचवीस हजार दंड. हजार कोटींच्या कंपनीला पाच कोटी. इथपर्यंत दर सारखा. पण दहा हजार कोटींच्या कंपनीलाही पाच कोटीच, म्हणजे तिच्यासाठी दर अर्ध्या टक्क्याचा दहावा भाग झाला. व्याजाचा दर असा मोठ्या ऋणकोला उतरत जातो हे आम्हाला ठाऊक होते, दंडाचाही उतरतो हे नवीन.

तिसरा बदल पेटंटच्या नियमांतला, मार्च २०२४ चा. तो सामान्य वाचकाच्या नजरेतून निसटला. पेटंटधारकाने आपला शोध भारतात खरोखर वापरात आहे की नाही याचे विवरण पूर्वी दरवर्षी द्यावे लागे, आता तीन आर्थिक वर्षांतून एकदा दिले की पुरते. एक कंटाळवाणा फॉर्म कमी झाला, एवढेच त्यात दिसते. पण याच विवरणाचे महत्त्व मुंबईतच एकदा सिद्ध झालेले आहे. बायर कंपनीचे मूत्रपिंड आणि यकृताच्या कर्करोगावरचे नेक्साव्हर हे औषध महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना मिळत होते. मार्च २०१२ मध्ये मुंबईत पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला ते बनवण्याचा सक्तीचा परवाना दिला आणि महिन्याची किंमत ८,८८० रुपये ठरली. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही तो निर्णय उचलून धरला. गरजू रुग्ण किती आणि कंपनीने औषध पुरवले किती, ही तफावत ज्या कागदांतून दिसली त्यांत कंपनीची ही वार्षिक विवरणेही होती. आता तो कागद तीन वर्षांनी येणार. कर्करोगाच्या रुग्णाला तीन वर्षे म्हणजे किती, हे फॉर्मची संख्या कमी करणाऱ्यांनी मोजले असेल असे वाटत नाही. उद्योगांची सोय बघताना ज्याच्या विरुद्ध हक्क दिला जातो त्याचीही बाजू असते. पेटंट ही समाजाने दिलेली मक्तेदारी आहे आणि तिचा हिशोब दरवर्षी मागण्यात गैर काय होते?

माझा स्वतःचा हक्क याहून किती स्वस्त आहे बघा. मी कादंबरी लिहिली की लिहिल्या क्षणी तिचा कॉपीराइट माझा. अर्ज नाही, शुल्क नाही. माझ्या मृत्यूनंतर ६० वर्षे तो वारसांकडे राहणार. पूर्वी ही मुदत ५० होती. रवींद्रनाथांचे साहित्य सर्वांना खुले होण्याची वेळ आली तेव्हा ती वाढवली. माझ्या पुस्तकांची पहिली आवृत्ती संपायला आठ वर्षे लागतात. तेव्हा वारसांनी त्या साठ वर्षांचे काय करायचे ते करोत. वाड्यात पिढ्यान्पिढ्या ज्यांनी एक भाताचे वाण राखले, त्यांना मात्र दर दहा वर्षांनी नूतनीकरण.

भौगोलिक मानांकनाचे स्वरूपच निराळे आहे. ते कुणा एकाचे नसते. उत्पादकांची संस्था ते नोंदवते आणि प्रत्यक्ष पिकवणाऱ्याने त्यात स्वतंत्रपणे ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नाव घालायचे असते. या कायद्याचे २४ वे कलम मी पहिल्यांदा वाचले तेव्हा दोनदा वाचले. हा हक्क विकता येत नाही, दुसऱ्याला परवान्याने देता येत नाही, तारण वा गहाण ठेवता येत नाही. वारसाकडे मात्र जातो. बँकवाल्याच्या व्याख्येने ही मालमत्ताच नव्हे. आणि तेच बरे आहे, असे आज मला वाटते. किंगफिशरचे नाव गहाण पडू शकले, विमान कंपनीबरोबर बुडू शकले. वाडा कोलम कुणी गहाण टाकू शकत नाही.

पण विकता येत नाही त्याची चोरी होते. नाव खोटे लावणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा या कायद्यात आहे. जनविश्वासवाल्यांनी ती हलवलेली नाही. झडती आणि जप्ती मात्र उपअधीक्षक दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याने, तीही आधी निबंधकांचे मत घेऊन करायची. निबंधकांचे कार्यालय चेन्नईला. विरारच्या बाजारात तांदळाच्या एका पिशवीसाठी हे सारे घडेल ही कल्पना मला कादंबरीतसुद्धा खपवता येणार नाही. आणि शॅम्पेनसारख्या मद्यांना जागतिक करारात जे वाढीव संरक्षण आहे ते भाताला नाही. तिथे फसवणूक झाली हे सिद्ध करायची गरज नसते, इथे असते.

कोल्हापुरीच्या प्रकरणात हे सर्वांना दिसले. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन प्रदर्शनात प्राडा कंपनीने तशाच चपला दाखवल्या, कोल्हापूरचे नाव न घेता. त्या चपलेला महाराष्ट्र व कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांसाठी २०१९ मध्ये मानांकन मिळालेले आहे. काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. जुलैमध्ये ती फेटाळली गेली, कारण नोंदणीकृत मालक ते नव्हेत. मालक आहेत दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळे आणि त्यांनी यायला हवे. निर्णय कायद्याला धरूनच होता. शिवाय मानांकन नावाला असते, आकाराला नव्हे, आणि प्राडाने नाव वापरलेच नव्हते. अखेर कंपनीने कोल्हापुरीची प्रेरणा मान्य केली आणि डिसेंबरमध्ये याच दोन महामंडळांशी करार करून दोन हजार जोड करण्याचे जाहीर केले, एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो. वर्तमानपत्रांनी आवाज केला नसता तर हे झाले असते का? मला शंका आहे. त्या चपला शिवणाऱ्या कारागिरापर्यंत त्यातले किती युरो पोचतील, हे करारातले कलम वाचायला मला आवडेल.

तांदळाची ती पिशवी पाहिल्यावर पुढच्या आठवड्यात मी वाड्याला गेले. माझे एक जुने खातेदार तिथे आहेत, आता सत्तरी ओलांडलेले. पीककर्जाच्या काळापासूनची ओळख. पिशवीचे सांगितले तर ते हसले. ‘मॅडम, खरा कोलम तुमच्या बाजारात यायला इथं तेवढा पिकायला नको का?’ कोलम उंच वाढतो, पाऊस-वाऱ्यात आडवा पडतो, उतारा कमी. जया, रत्ना, कर्जतची वाणे दुप्पट भरतात. व्यापारी आणि गिरणीवाला दोघे नाव कोलमचेच लावतात, मग राखायचा कशासाठी? मुलगा कुडूसच्या बाजूला गोदामात नोकरीला. तरी दोन खाचरे कोलमची ठेवली आहेत, घरच्यासाठी आणि लेकीसाठी.

‘अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव घातलंत का?’ मी विचारले. त्यांना ते माहीत नव्हते. २०२० मध्ये या अर्जाचे शुल्क पाचशे रुपयांवरून दहा रुपये झाले, आणि पूर्वी मूळ संस्थेबरोबर संयुक्त अर्ज करावा लागे तो आता उत्पादकाला एकट्याला करता येतो, संस्थेला प्रत पाठवली की झाले. गेल्या काही वर्षांतल्या सगळ्या बदलांत मला हा सर्वांत चांगला वाटतो आणि त्याचीच कुणी जाहिरात केली नाही. सातबारा, आधार, भाताचे वर्णन असे सगळे ओसरीवर बसून गोळा केले. इतकी वर्षे दुसऱ्यांचे अर्ज तपासले, हा मी स्वतः भरला.

सही करण्याआधी ते थांबले. ‘ह्याच्यावर कर्ज मिळेल का?’

‘नाही मिळत. कायद्यानेच नाही.’

‘मग भाव?’

भावाबद्दल मी काय सांगणार? डहाणूच्या चिकूला, कोकणच्या हापूसला वाढीव भाव मिळतो तो बाग आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये कोणीतरी उभे राहते तेव्हा. वाड्यात ते काम उत्पादकांची संस्था करू शकते, पण तिला गिरणी हवी, शिक्का हवा, खेळते भांडवल हवे. खेळते भांडवल द्यायला बँका आहेत. त्या तारण विचारतील. गोदामातले भात तारण ठेवता येते, नाव नाही, एवढे मी त्यांना समजावून सांगितले आणि संस्थेच्या लोकांना घेऊन एकदा चांदीपला या असे म्हटले. त्यांनी सही केली, दहा रुपये काढून दिले. मी ते घेतले, कारण पावती त्यांच्या नावाने यायला हवी.

निघताना त्यांनी पाच किलो कोलम बांधून दिला. घरात रिकामी होती ती पिशवी वापरली. तिच्यावर दुसऱ्याच कुठल्या तरी बासमतीचे नाव होते. घरी येऊन भात लावला तेव्हा वाफेबरोबर जो वास आला तो मला त्या शाखेतल्या दिवसांत दुपारच्या डब्याला येत असे. अर्ज चेन्नईला गेला आहे. संस्थेची माणसे अजून आलेली नाहीत, पेरणीच्या आत येतो म्हणाले आहेत.